तपासून घेतलेलं कार्ड

माझा नवरा पन्नाशीला आला तरी गेम खेळतो, हे मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. संध्याकाळी ऑफिसातून आला की तो संगणकावर ट्रक चालवायला बसतो आणि पुण्याला इंजिनिअरिंगला असलेली आमची मुलगी तिच्या लॅपटॉपवर दुसरा ट्रक घेऊन येते. दोघांच्या कानाला हेडफोन, तोंडापुढे माइक. ट्रक कुठल्याशा परदेशी रस्त्यावरून एकामागे एक चाललेले आणि यांच्या गप्पा सुरू. मला ती फोनवर "जेवले, बरी आहे, ठेवते" एवढंच सांगते. मी चहा घेऊन खोलीत गेले की गप्पा थांबतात. मी गणित शिकवते आणि परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात कुणी धरत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला कळत होतं, पण कुठे ते कळत नव्हतं.

मग गेमची नवी आवृत्ती आली आणि नवऱ्याच्या संगणकातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, धापा टाकायला लागलं. रस्ता अडकायचा, झाडं जांभळी व्हायची आणि थोड्याच वेळात सगळं बंद. तसं बापलेकीचं बोलणंही बंद पडलं. फोनवर तिला काय बोलावं हे नवऱ्याला सुचायचं नाही, तिलाही नाही. हातात स्टिअरिंग असल्याशिवाय या दोघांना बोलता येत नाही. तो जेवतानाही गप्प बसायला लागला. दुकानात नव्या कार्डाचा भाव ऐकून मी विचारलं, "संगणकासकट सांगताय का?" दुकानदार हसलासुद्धा नाही.

शेवटी नवऱ्याने इंटरनेटवर एक जुनं कार्ड शोधलं. विकणारा दिंडोरीच्या पुढचा, द्राक्षबागायतदार. भाव आमच्या खिशात बसणारा. इतका नेमका बसणारा की माझ्या मनात पाल चुकचुकली. मी वाचलं होतं, काही लोक ही कार्डं रात्रंदिवस राबवून कसली तरी आभासी नाणी कमावतात आणि जीव निघाला की विकून टाकतात. थकलेल्या बैलाची शिंगं रंगवून त्याला बाजारात उभा करावा, तसं. नवरा म्हणजे भोळा सांब. भाजीवाल्याने पिशवीत दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी दिवसभर खूश. त्याला एकट्याला पाठवलं तर तो शेंडी लावून घेऊनच परत येणार. म्हटलं, मीही येते.

रविवारी दुपारी पोचलो. बागेला लागून घर, संगणकाच्या खोलीची खिडकी थेट बागेवर उघडणारी. मालक तिशीचा असेल. कार्ड का विकताय, म्हणून विचारलं तर म्हणाला, "लगीन झालं ताई, आता खेळायला येळ नाय भेटत." मला हे कारण फारच गोड वाटलं. मग नवी नवरी पाणी घेऊन आली, तेव्हा तेवढं मी मान्य केलं.

त्याने संगणकाचं झाकण काढलं. कार्डाच्या पंख्याच्या पात्यांवर पिवळट भुकटी होती. मी बोटाला लावून वास घेतला. गंधक. माझं माहेर निफाडचं. द्राक्षांवर भुरीचा रोग येऊ नये म्हणून गंधक मारतात, हे मला कुणी सांगायला नको. त्या दिवसांत आमच्या पायातली चांदीची पैंजणं काळी पडायची.

"चांदी काळी पडते, तर आतल्या बारीक तारांचं काय होत असेल?" मी विचारलं.

"खिडकी उघडी ऱ्हाती ना ताई. पण कार्ड लय चांगलं हाय. तुमी तासभर चालवून बघा, मग बोलू."

तासभर तर तासभर. नवऱ्याने स्वतःच्या नावाने गेम सुरू केला, थोडा ट्रक चालवला, मग तो कडेला उभा केला आणि चहाला ओट्यावर गेला. मी खुर्ची सोडली नाही. कुणाचा काय भरवसा. पडद्याच्या कोपऱ्यात कार्ड किती तापतंय तो आकडा दिसत होता, त्याच्यावर मी नजर ठेवून बसले. हे कार्ड घ्यायचं नाही, हे मनात जवळजवळ ठरलंच होतं. आवाजात खरखर येते का तेवढं बघावं, म्हणून टेबलावरचा हेडफोन कानाला लावला.

"बाबा, आलास? मिळालं कार्ड?"

माझ्या मुलीचा आवाज. बाप आलेला तिला तिच्या पडद्यावर दिसला असणार.

"काही बोलू नकोस, फक्त ऐक. इतके दिवस कुणाला सांगता आलं नाही. माझा एम-थ्री परत राहिला."

एम-थ्री म्हणजे त्यांचं गणित. माझा विषय.

"आईला इतक्यात सांगू नकोस. ती ओरडणार नाही रे, मला माहितीये. पण ती आधी मार्कशीट मागेल. अभ्यास केला होता म्हटलं तर खरंच केला होता का, ते तपासेल. मला त्या वेळी नुसतं कुणीतरी हं म्हणायला हवं असतं."

आधी मला संताप आला. माझ्या पाठीमागे हे सगळं चाललंय म्हणून. मग लक्षात आलं, मार्कशीट कुठे आहे हेच मी आधी विचारणार होते. ती वाट बघत होती. हं म्हणायला मी तोंड उघडलं, पण माझा हं तिला ओळखू येईल म्हणून मिटलं.

"बाबा? आहेस ना?"

नवरा दारात दिसला. मी हेडफोन काढून त्याच्या हातात दिला. "पोरगी आहे. बोला," म्हटलं आणि बाहेर आले.

अंगणात मालक म्हणाला, "गंधकाचं मनात असंल तर थोडं कमी करू, ताई."

"थोडं नाही, बरंच करा," मी म्हटलं. त्याने केलं आणि मी पैसे दिले.

परतताना नवऱ्याने विचारलं, "तुझ्याशी काही बोलली का ती?"

"मला कुठे कळतं ते हेडफोनचं." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

कार्ड बसलं, ट्रक पुन्हा धावायला लागले. काही दिवसांनी मी भाजी फोडणीला टाकत असताना मुलीचा फोन आला.

"आई, निकाल लागला. सगळे विषय सुटले."

एम-थ्री राहिल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मार्कशीट पाठव, हे शब्द अगदी जिभेवर आले होते.

"हं," मी म्हणाले.

ती पुढच्या प्रश्नासाठी थांबली. मी काहीच विचारलं नाही.

"आई?"

"हं."

मग पलीकडे ती रडायला लागली. मी गॅस बंद केला आणि फोन कानाला लावून खाली बसले.