जीपच्या दारावरची अक्षरं

आमच्या निवाऱ्याला पाटी नाही. शहरातल्या एका वसाहतीत भाड्याचं दोन मजली घर आहे. खाली ऑफिस अन् स्वयंपाकघर, वर पोरी. शेजाऱ्यांना सांगितलंय की इथं शिवणक्लास चालतो. समोरच्या काकू एकदा खरोखरच ब्लाउज शिवायला घेऊन आल्या. आमच्यातल्या एका पोरीनं शिवून दिला, तर काकूंना तो इतका आवडला की त्या बहिणीचेही चार घेऊन आल्या. आता काय बोलावं! सांगायचं एवढंच, की इथं विकल्या गेलेल्या पोरी राहतात हे कुणाला कळू द्यायचं नाही, ना इथं, ना त्यांच्या गावात, हा आमचा पहिला नियम. अन् तो मोडला कुणी? मी. पंधरा वर्षं हेच काम केलेल्या बाईनं.

पोलिसांनी सोडवून आणलेली पोर कोर्टाच्या हुकमाशिवाय घरी जात नाही. कोर्ट आधी आम्हाला सांगतं, जा, घर बघून या. घरचे तिला नीट ठेवतील का, की पुन्हा त्याच दलालाच्या हाती देतील, ते बघायचं अन् लिहून द्यायचं. याला गृहचौकशी म्हणतात. ते काम माझं.

मी कधीच सरळ दारात जाऊन 'मी अमुक संस्थेची' असं म्हणत नाही. पिशवीत पापड, शेवया, काळा मसाला घ्यायचा, एसटीनं नाहीतर काळी-पिवळीनं जायचं, फाट्यावर उतरायचं अन् बचत गटाची बाई म्हणून गावात शिरायचं. चार घरं फिरायची, पाचव्या घरी पाणी मागायचं. पाणी कोण देतं, कसं देतं, घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, यावरून निम्मं घर कळतं. आई एकटी सापडली की मग हळूच तिच्या कानावर घालायचं. आमचे हे म्हणतात, तुझ्या चौकशीपेक्षा तुझे पापडच जास्त खपतात. खपणारच! तळले की ताटभर फुलतात, उगाच नाही. पंधरा वर्षांत एका गावाला पत्ता लागला नाही की ही बाई कोण होती.

ती पोर गंगापूर तालुक्यातली. एकोणीस-वीस वर्षांची, मेंढ्या राखणाऱ्या घरातली. बाप कळप घेऊन अजून रानोमाळ फिरतो, आई गावात राहून चार शेळ्या अन् रोजंदारी बघते. नात्यातल्याच एका बाईनं स्थळ आणलं. हुंडा नको, लग्नाचा खर्चही मुलाकडचेच करतील म्हणाली. लांब परराज्यात लग्न झालं, हळदीचे फोटो मोबाईलवर आले, गावात पेढे वाटले. पुढं तिला किती ठिकाणी अन् कुणी विकलं, ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. तिला कधी सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

आमच्याकडं आली तेव्हा तिला एकच पाहिजे होतं. आई. साबण नको, नवे कपडे नकोत, टीव्ही नको. सकाळी मी चप्पल काढायच्या आत जिन्यावरून आवाज यायचा, "ताई, घरी कवा जायचं?" मी करवादायची, "अगं, आधी मला आत तर येऊ दे!" तर ती तिथंच पायरीवर बसून राहायची. पहिल्या तारखेला कोर्टात तिनं असा हंबरडा फोडला की मॅजिस्ट्रेट मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. म्हणाल्या, "ताई, तीन आठवड्यांत गृहचौकशी करून आणा. घर चांगलं असेल तर मी हिला अडकवून ठेवणार नाही." बाहेर आल्यावर पोरीनं माझा हात असा धरला की बांगडी पिचली.

आता खर्चाचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. लोकांना वाटतं, पोर सोडवली की झालं. अहो, सोडवायला एक छापा लागतो. त्यानंतर तिला ताप येतो, दाढ दुखते, अंगावर जातं. तपासणी घाटीत, सरकारी दवाखान्यात, होते, पण तिथवरची रिक्षा कोण देणार? कोर्टाची तारीख पडली की जाणं-येणं, दुपारचा चहा, सोबतीला एक बाई. अनुदान येतं, नाही असं नाही, पण कधी ते विचारू नका. त्या वेळी माझा पगार चार महिने थकला होता अन् आधीच्या तीन चौकश्यांचं भाडं पदरचं गेलेलं. घरात सून म्हणाली, "आई, तुम्ही तिथं पगार घेता का देता?" मी तिच्यावर अशी चिडले की दोन दिवस बोलले नाही. पण खोटं काय बोलली होती ती?

अशात एका सरकारी योजनेची जीप गंगापूरला मीटिंगला निघाली. आमच्या संस्थेचे सचिव म्हणाले, "ताई, जाऊन या ना तिच्यातच. भाडं वाचेल." म्हटलं, बरंय, फुकट ते पौष्टिक. जीप पांढरी, अन् दोन्ही दारांवर लाल अक्षरांत हे एवढं मोठं लिहिलेलं: 'संकटात सापडलेल्या पीडित महिलांच्या मदतीसाठी'. मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणून मला सुटता यायचं नाही. मनात धरलं होतं की फाट्यावर उतरेन अन् नेहमीसारखी पिशवी घेऊन पायी जाईन.

वैशाखाचं ऊन होतं. वाळूज मागं पडेपर्यंत माझा डोळा लागला. फाट्यावर जीप थांबली तेव्हा गुडघे असे आखडलेले की पाय खाली टाकवेना. ड्रायव्हर बिचारा चांगला माणूस. म्हणाला, "ताई, एवढ्या उन्हाचं चालत जाता व्हय? दारापर्यंत सोडतो की." मी नाही म्हणाले नाही. एवढंच केलं मी. नाही म्हणाले नाही.

गावात शिरलो तर पोरं जीपच्या मागं पळायला लागली. ड्रायव्हरनं काच खाली करून पोरीच्या बापाचं नाव घेतलं अन् घर विचारलं. मी त्याला थांबवणार, तोवर पारावरचे चार जण उठून वाट दाखवायला पुढं झाले होते. जीप दारात थांबली. आळीतल्या बाया हातातली कामं टाकून बाहेर. एक शाळेतली चिमुरडी जीपच्या दाराजवळ आली अन् बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली, "सं-क-टा-त... पी-डि-त... म-हि-लां-च्या..." वाचता येतंय म्हणून तिला कोण आनंद! कुणीतरी तिला शाबास म्हणालं. अन् मग एकेक मान त्या घराकडं वळली.

आई दारात उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कान होते ना. मी पापडाची पिशवी छातीशी धरून खाली उतरले. काय येडपट दिसले असेन! ती माझ्याकडं न बघता आळीकडं बघून म्हणाली, "आमची थोरली सासरी हाय. सुखात हाय." अन् दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज मला आला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे. परतताना ड्रायव्हर विचारत होता, "काम झालं का ताई?" मी पदर तोंडावर ओढून रडत आले. संध्याकाळी निवाऱ्यात पाऊल टाकते तोच ती जिन्यावर. "आईला भेटल्या? कशी हाय? वाळलीया का?" मी म्हणाले, "रानात गेली होती गं, भेट झाली नाही." पहिल्यांदाच तिच्याशी खोटं बोलले. ती म्हणाली, "व्हय, शेळ्या घेऊन गेली असंल," अन् तेवढ्यावरही खूश झाली.

आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. जेवण गोड लागेना. मग एक दिवस कुणाला न सांगता काळी-पिवळीत बसले, फाट्यावर उतरले, गावात न जाता पाटाच्या कडेनं चालत निघाले. उसाच्या बांधाला शेळ्या दिसल्या, जवळच ती बसलेली. मला बघून उठली नाही. म्हणाली, "आज गाडी नाय आणली?"

मी शेजारी बसले, माझं नाव-गाव, पाटलाघरची लेक, सगळं खरं सांगितलं. म्हटलं, चुकलं माझं. उसाकडं वळलेल्या शेळीला तिनं खडा मारून मागं फिरवलं. मग बोलायला लागली. "मला ठावं व्हतं ती घावली ते. पोलिसाचा फोन आल्ता. त्या दिसापासनं म्या वाट बघत व्हते. गावात म्या पेरून ठिवलं व्हतं, जावई नीट नाय, दारू पितो, पोरगी माघारी येणार हाय. नवऱ्याला सोडून आलेली चालती ओ बाई. आमच्या गावात सोडून आलेल्या लई हायेत, नांदत्यात बापाच्या घरी. तशीच ती आली असती. कुणी इचारलं नसतं. पर तुमच्या गाडीवर लिव्हलं व्हतं ना."

सगळं तयार होतं. त्या न शिकलेल्या बाईनं एकटीनं, माझ्यापेक्षा शहाणपणानं, लेकीला परत यायची वाट तयार करून ठेवली होती. मी फक्त पिशवी घेऊन फाट्यावरून चालत जायचं होतं.

"मग आता?" मी विचारलं.

"धाकटीची सुपारी फुटलीया. पोरगा गंगापूरला कापडाच्या दुकानात हाय, चांगला हाय. त्यांचा निरोप आला, थोरली घरात पाय ठिवणार का, ते आधी सांगा. ठिवणार आसंल तर आमचा नाद सोडा." ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाली, "म्या कोणती लेक कापू, सांगा?"

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती चटका बसल्यासारखी मागं सरली. "असं करू नगा, तुम्ही पाटलाघरच्या!" म्हटलं, चुलीत गेली पाटीलकी. मामाकडं ठेवा, मावशीकडं ठेवा. ती म्हणाली, "समदी एकाच पंगतीतली. तिथं कळायला कितीसा येळ लागतो?" निघताना तिनं माझं मनगट धरलं. "बाई, तिला म्या नाय म्हणले असं सांगू नगा. बाप नाय म्हणला म्हणून सांगा. बापाचा तिला तेवढा लळा नाय." अन् मग ती माऊली तोंडात पदर कोंबून रडली. शेळ्या उसात शिरल्या तरी तिनं हटकलं नाही.

अहवालात मी माझी सगळी अक्कल पणाला लावली. लिहिलं की घर चांगलं आहे, आईला मुलगी हवी आहे, फक्त सहा-आठ महिन्यांची मुदत द्यावी, तोवर ती आमच्याकडं राहील. मनात हिशेब असा की तोवर धाकटीचं लग्न होऊन जाईल, लोक विसरतील, मग गुपचूप नेऊन सोडीन. लोक विसरत नाहीत हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण बुडत्याला काडीचा आधार.

तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिला गच्चीवर नेलं. बाप नाही म्हणाला, असंच सांगणार होते. पण तिच्या तोंडाकडं बघून मला ते जमलं नाही. जीप, दारावरची अक्षरं, ती वाचणारी पोरगी, सुपारी, पाटाकडेची आई, सगळं सांगितलं. म्हटलं, "तुझ्या आईनं तुझी वाट तयार ठेवली होती. मी मोडली. मार मला, शिव्या दे, काय पाहिजे ते कर."

तिनं एवढंच विचारलं, "म्हंजी आई नाय म्हणली नाय ना?"

"नाही गं."

"अन् धाकटीचा नवरा दुकानात हाय?"

"हो. कापडाच्या."

"बरं झालं. तिला लुगड्यांचा लई सोस हाय." अन् हसली. देवा, ती हसली! मी म्हटलं, सहा-आठ महिने दम धर, मी स्वतः नेते तुला. ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला लागली, सगळ्यांचेच, एकेक घडी करून.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मॅडमनी माझा अहवाल वाचला. म्हणाल्या, "ताई, घर चांगलं आहे म्हणता तर मुदत कशाला? मी स्थानिक पोलिसांकडून एकदा खात्री करून घेते, आणि पाठवू हिला." पुन्हा गाडी, पुन्हा ते दार! मी बोलायला तोंड उघडलं, पण मॅडम तिच्याकडं वळल्या होत्या. "काय गं, जायचंय ना घरी? मागच्या वेळी किती रडलीस."

"नाय," ती म्हणाली.

"का?"

"आई मला मारती. पयल्यापासनं मारती. चटके देती. मला त्या घरी कवाच जायचं नाय." आवाज अगदी सरळ, एक हुंदका नाही. "अन् मॅडम, तिकडं पोलीस धाडू नका. त्यो पत्ताच काढून टाका माझ्या कागदावरून."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "ताई, तुम्ही तर लिहिलंय आईला मुलगी हवी आहे. मग खरं काय?"

पाटाच्या कडेला तोंडात पदर कोंबलेली ती बाई माझ्या डोळ्यांपुढं उभी होती. पोरीनं माझ्याकडं मान वळवली नाही. मी म्हणाले, "पोरगी म्हणते ते खरं, मॅडम. माझ्याकडून लिहिताना चूक झाली."

दोन वर्षं संस्थेतच ठेवायचा हुकूम झाला. शेवटी लिहिलं, कुटुंब प्रतिकूल, पुन्हा गृहचौकशीची आवश्यकता नाही. कारकुनानं कागद पुढं केला, तिनं सही केली, खाली मी केली.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, आता तिकडं कुणी जाणार नाय ना?"

"नाही," मी म्हणाले, "कुणी जाणार नाही."