समोरच्या काकूंचा रॅक

पुंडलिकनगरात आमच्या समोर राहणाऱ्या काकू हँग ग्लायडर उडवतात, म्हणजे नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या मोठ्या कापडी पंखांखाली लटकून डोंगरावरून झेपावतात. त्यांच्याकडं गाडी नाही, म्हणून कुणाच्याही गाडीच्या टपावर बसवता येईल आणि लगेच काढता येईल असा रॅक त्यांना हवा होता. मी त्यांना माझ्या गाडीतून दुकानात नेलं.

"शिडी न्यायची का?" दुकानदारानं विचारलं.

"नाय, पंख," काकू म्हणाल्या. त्या मोजकंच बोलतात.

पहिला रॅक हलका आणि देखणा होता. तो टपावर बसवल्यावर काकूंनी ओढणी कमरेला बांधली, आडवी दांडी धरली आणि चक्क पाय उचलून लोंबकळल्या. दांडी जराशी वाकली.

"हा नको."

"एवढं काय बघता, काकू?"

"रस्त्यात ग्लायडरची नळी चेपली, तर ते वर गेल्यावर कळतं, बाळा."

शेवटी पुढं, मधे आणि मागं आधार देणारा, जाड गादीचा रॅक त्यांनी घेतला.

रविवारी आम्ही सिल्लोडच्या वाटेवरच्या एका डोंगरावर गेलो. पंख जोडताना काकूंनी प्रत्येक नळीवरून सावकाश हात फिरवला. मग पट्टे आवळले आणि कड्याकडं धावत सुटल्या. मी घाबरून डोळे मिटले. उघडले तेव्हा काकू हवेत वळून माझ्या डोक्यावरून चालल्या होत्या, आणि माझे हात नकळत जोडले गेले होते.