धरण गळतंय, म्हणून ठीक आहे!

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. बाहेर येऊन मी भावावर चक्क ओरडले, "काहीतरी बोलू नकोस!" माझी आतेबहीण शैलाअक्का, धरणांची सुरक्षितता तपासणारी इंजिनिअर... तिचं हृदय असं गुपचूप बंद पडेल? आयुष्यात एक गोष्ट तिनं गुपचूप केली नव्हती!

काँक्रीटच्या धरणाचा विषय निघाला की तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई. एकदा जोतिबाच्या पायऱ्यांवरच मला अडवून म्हणाली, "आगं, ते निस्तं आपल्या वजनावर उभं असतंय! खालनं झिरपलेलं पाणी त्येला वर ढकलतंय. म्हणून पोटातल्या बोगद्यात भोकं ठेवायची, पाणी भाईर काढायचं. भूकंपात तलाव धडका मारतोय, तवा पाय घट्ट नकोत व्हय?" मागं लोक खोळंबले होते. तिला त्याचं काय!

आत्याचं गाव अशाच एका धरणाच्या पायथ्याशी आहे. एका दुपारी घरांची कौलं खडखडली. अक्कानं फोन करून अख्ख्या गावाला माळावरच्या शाळेत जायला सांगितलं. आत्या मात्र म्हशी सोडून हलेना. मी तिथंच होते, हातापाया पडत होते. इकडे अक्का धरणाच्या पोटात उतरली. पुढचं तिनं आम्हाला इतक्यांदा सांगितलंय, की मीच आत गेले होते असं वाटतं.

बोगदा कोरडा ठणठणीत. सोबतचा माणूस खूश झाला, "मॅडम, गळती थांबली की!" अक्का मात्र धावतच पुढं गेली. पाणी बाहेर येत नाही म्हणजे ते खालून धरणाला उचलतंय, आणि दुसरा हादरा कधीही बसेल... तिनं बॅटरी मारली, तर भोकांत पोत्याच्या चिंध्या! दुसऱ्या दिवशी साहेब येणार, त्यांचे बूट भिजू नयेत म्हणून कुणीतरी कोंबलेल्या. अक्का शिव्या हासडत एकेक चिंधी ओढू लागली. पाणी उसळून तोंडावर आलं, आणि बाईसाहेब नाचायलाच लागल्या! मग धरणाच्या वरच्या भागात, भिंतीचा उतार जिथं बदलतो आणि हादऱ्याचा ताण येतो तिथं, भेगा पडल्यात का तेही बघून आली. त्यानंतरच आत्याला फोन केला, "आई, भेग न्हाय, पाणी चालू हाय. घरात झोप!"

गेल्या आठवड्यात पुन्हा जमीन हलली. अशा वेळी तपासणी आटोपली की अक्का ओल्या कपड्यांनिशीच आत्याकडे जेवायला यायची. आत्या फोन मांडीवर घेऊन बसली होती. कुणाच्या फोनची वाट बघतेय, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. एवढ्यात तो वाजला. अक्काच्या जागी आलेली नवी इंजिनिअर पोरगी होती.

"आज्जी, सगळं बघितलं. धरण ठीक हाय. घरातच थांबा."

"भिजली असशील," आत्या म्हणाली, "घरलाच ये जेवायला." आणि उठून तिनं परातीत पीठ घेतलं.