दोरीखालची जमीन

ऑर्विल टेसडालच्या मते मिनेसोटातल्या त्याच्या छोट्या गावाचा खरा इतिहास कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांखाली पुरलेला होता. पँट उलटी टांगायची, खिशातली चिल्लर गवतात गळायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालले. या सिद्धान्ताला आधार म्हणून त्याच्यापाशी चांदीची काही डाइम नाणी होती, आणि बिअरच्या कॅनच्या असंख्य कड्याही होत्या. कड्यांचा उल्लेख तो सहसा करीत नसे.

टपाल खात्यातून निवृत्त होताच त्याने धातुशोधक यंत्र घेतले आणि रीतसर दारे ठोठावून, परवानगी मागून, जुन्या वस्तीतली बहुतेक सगळी अंगणे पालथी घातली. उरले होते ते व्हर्ना कोल्स्टाडबाईंचे. त्या लहानपणी त्याला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायच्या. त्यांची दोरी सासूच्या काळापासून जागची हललेली नव्हती. ऑर्विलला त्या दोरीखालच्या जमिनीची स्वप्ने पडत.

“बाई, इवलासा गवताचा तुकडा उचलतो आणि परत बसवतो. कळणारसुद्धा नाही.”

“बिस्किटांचा डबा उघडतानाही तू हेच म्हणायचास.”

एका वसंतात मात्र बाईंनी स्वतःच त्याला बोलावले. शेजारच्या लाइल ब्रेकीने कडेला रुबार्बची भाजी लावली होती.

“त्याचं रुबार्ब माझ्या जमिनीत घुसलंय,” बाई म्हणाल्या. “हद्दीची लोखंडी खुंटी इथेच कुठेतरी पुरलेली आहे. ती शोधून दे. मग दोरीखाली हवं तेवढं खण.”

लोखंड लागले की यंत्र घोगरा आवाज काढी, आणि त्याकडे दुर्लक्ष करायला ऑर्विलने कान मोठ्या कष्टाने तयार केला होता. आता तो त्याच आवाजामागे फिरू लागला. रुबार्बपाशी यंत्र गप्प राहिले. दोरीखाली ते चांदी लागल्यासारखे किणकिणले, तेव्हा त्याच्या तोंडाला पाणी सुटले. पण करार आधी खुंटीचा होता. शेवटी यंत्र घोगरले ते दोरी ओलांडून, बाईंच्या घराच्या बाजूला. त्याने गवत उचलले. खाली गंजलेली खुंटी होती.

त्याने गवत हळूच परत ठेवले.

“सापडली का रे?” लाइल कॉफीचा मग घेऊन पलीकडे उभा होता.

खोटे बोलायला ऑर्विलला कोणी शिकवले नव्हते, आणि खरे बोलायला शिकवणाऱ्या बाई समोरच उभ्या होत्या.

“सापडली,” तो पुटपुटला आणि त्याने गवत पुन्हा उचलले.

लाइलने खुंटीकडे पाहिले, मग दोरीकडे. “म्हणजे दोरी माझ्या जमिनीत! असू दे, व्हर्ना, काही हरकत नाही. ऑर्विल, तू खुशाल खण.”

त्या गावात ‘काही हरकत नाही’ ही भांडणाची सर्वांत वरची पायरी मानली जाते. बाई घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विल खुरपे घेऊन आला, तर दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत गोधड्यांनी भरलेली. ओल्या कडा गवतावर लोळत होत्या. बाई पायरीवर कॉफी पीत बसल्या होत्या.

“बाई, लाइलने परवानगी दिलीय.”

“जमिनीची दिली असेल. गोधड्या माझ्या आहेत. वाळल्या की काढते, मग खण.”

“कधी वाळतील?”

बाईंनी निरभ्र आभाळाकडे पाहिले, कप खाली ठेवला आणि पाण्याची झारी उचलली.