कशालाच न जोडलेला स्क्रू

तासगावात पल्लवी घोरपडेच्या गॅरेजात पूर्वी पेट्रोलचा स्क्रू फिरवून गाडी नीट करून घ्यायला रांग लागायची. मग नव्या स्कूटरी आल्या, पेट्रोल किती सोडायचं ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवू लागला, आणि गिऱ्हाइकं बिथरली.

"आवं ताई, स्क्रू फिरवला न्हाई, मग गाडी नीट झाली कशी म्हनायची?"

या गाडीला फिरवायचा स्क्रूच नसतो, हे सांगून सांगून पल्लवीचा घसा बसला. शेवटी तिचं डोकं फिरलं. प्रत्येक गाडीच्या इंजिनाशेजारी तिनं एक पितळी स्क्रू बसवायला सुरुवात केली, कशालाच न जोडलेला. फिरवताना त्याच्यावर बापाच्या वेळचा डायल गेज टेकवायचा. स्क्रू फिरला की गेजचा काटा हले. दुसरं काहीही हलत नसे.

"अजून पाव आटा, ताई," गिऱ्हाईक काट्याकडं बघत म्हणे, आणि चक्कर मारून आलं की, "लय फरक हाय!"

परवा कराडच्या रस्त्याला पल्लवीची स्वतःचीच स्कूटर बंद पडली. काही केल्या चालू होईना. गिऱ्हाइकांना दाखवायला तिच्याही गाडीला तो स्क्रू होताच. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं तो हळूच फिरवला.

गाडी झटक्यात चालू झाली.

पल्लवीनं स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली, आणि अजून पाव आटा फिरवला.