लाल टू-सीटर आणि सैल हात

आमच्या ह्यांना मोटारींचं वेड लढाईनं लावलं. लढाईची तीन वर्षं ते लष्कराच्या एका मोटार-वर्कशॉपात फिटर होते, आणि परत आले ते हाताला ग्रीस आणि डोक्यात गॅरेज घेऊन. घर भाईंदरचं, पिढ्यानपिढ्या मिठागरवाल्यांचं. एकुलत्या एका मुलानं आगराच्या बांधावर उभं राहायचं सोडून मोटारीखाली आडवं व्हायचं, हे मामंजींना मुळीच पसंत नव्हतं. मी ठाण्याहून लग्न होऊन आले तेव्हा बापलेकांत फक्त जेवायला बसण्यापुरतं बोलणं होतं, आणि तेही आमटीबद्दल.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात गोरे साहेब गाठोडी बांधायला लागले आणि मुंबईत त्यांच्या मोटारी विकायला निघाल्या. त्यातही टू-सीटर पुष्कळ. दोनच माणसांच्या, ठेंगण्या, कापडी छपराच्या, शर्यतीच्या ढंगाच्या त्या गाड्या तरण्या साहेबांनी बेफाम पळवलेल्या असत. वरून बघावं तर नवरीसारख्या सजलेल्या. ह्यांनी बापाला सांगितलं, "असली एक निर्दोष गाडी शोधून आणतो. जी गाडी निवडायला सगळ्यात अवघड, ती निवडली तर गॅरेज चालवता येईल की नाही?"

मामंजींनी बराच वेळ मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "बरं. न फसता गारी घेतलीस तं रस्त्याकडचं रिकामं कोठार तुजं. फसलास तं दुसऱ्या दिवसापासून आगरावर, आनि परत मोटारीचं नाव घ्यायचं न्हाय. आनि मी बरोबर येनार."

ह्यांनी कबूल केलं. एका गाडीवर सगळा जन्म लावून मोकळे झाले. मला कोणी विचारलं नाही, पण बरोबर नेलं, कारण घरात इंग्रजी कागद वाचणारी मी एकटीच. मामंजींपुढे मी तोंड उघडत नसे. मोटारीचे कागद वाचून दाखवायला मात्र पदर सावरून बोलायची परवानगी होती.

मुंबईतले जुन्या मोटारी विकणारे लोक म्हणजे गोडबोलेपणाचा कहर. पहिल्या वाड्यात शिरताच ह्यांनी गाडीच्या धुराच्या नळकांड्यावर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. विकणारा शपथेवर सांगत होता, गाडी सकाळपासून जागची हललेली नाही. हे म्हणाले, "मग हिला ताप आलाय. डॉक्टर बोलवा." थंड गाडी सुरू व्हायला रडते, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी तिला तापवून ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरीकडे गाडीचे गिअर लोण्यासारखे पडत होते. ह्यांनी खालचा बूच काढला, आत तार घातली, आणि तारेला चिकटून तेलात भिजलेला लाकडाचा भुसा बाहेर आला. गिअरच्या झिजलेल्या दातांची खडखड दाबायची ती युक्ती. विकणारा जराही न ओशाळता म्हणाला, "क्या है सेठ, पहला मालिक लकडी का ब्यौपारी था।"

तिसऱ्या गाडीला पाच वर्षांत ओरखडाही उठलेला नाही असं आम्हाला ऐकवलं. ह्यांच्या खिशात एक लोहचुंबक असे. तो मडगार्डवर सरकवत नेला तर एका जागी सुटून पडला. तिथं लोखंड नव्हतंच. ह्यांनी नखानं रंग खरवडला, खालून खड्डे बुजवायची लांबी निघाली आणि लांबीखालून वर्तमानपत्राचा बोळा. मामंजींनी तो माझ्या हातात दिला. "वाच." मी तारीख वाचली. गेल्याच महिन्यातली होती. मामंजी पोट धरून हसले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. लेकाच्या हुशारीचं त्यांना कौतुक वाटतंय अशी माझी समजूत झाली, आणि मला फार बरं वाटलं.

मग ती लाल टू-सीटर आली. चौथ्या वाड्यात, झाडाखाली, एकटीच उभी. विकणारा पोक्त, कपाळाला गंध लावलेला, आवाज देवळातल्या पुजाऱ्यासारखा. "साहबने इसको बच्चे की तरह रखा," तो म्हणाला. "बरसात में बाहर निकाला नहीं।"

ह्यांनी तासभर तिला उलटीपालटी तपासली. इंजिन थंडगार होतं आणि पहिल्या फटक्यात सुरू झालं. गिअरबॉक्सात भुसा नव्हता. लोहचुंबक शेपटापासून नाकापर्यंत चिकटून राहिला. हे खाली झोपून आले ते पाठीला माती आणि तोंडावर हसू घेऊन. मामंजी तोवर गाडीत बसून आले होते. उतरले आणि म्हणाले, "गारी बरी हाय."

मी चमकले. मामंजींनी कशालाही बरं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. विकायला आलेली गोण दिसली की कोपरापर्यंत हात खुपसून तळाचं मीठ वर काढणारा हा माणूस, वर पांढरं आणि खाली गढूळ भरायची चाल त्याला पाठ. पण म्हटलं, लेकाच्या आनंदापुढे विरघळले असतील.

कागद वाचायला विकणाऱ्यानं मला गाडीतच बसवलं. सीटचं कातडं नवं होतं. वाचता वाचता, गोणीच्या तळाशी हात घालायच्या सासरी लागलेल्या सवयीनं, माझा डावा हात सीटच्या कडेखाली गेला, आणि आतला काथ्या हाताला ओला लागला. पाऊस पडून सात महिने झालेले. कातडं कोरडं, ऊन रणरणतं, आणि काथ्या मात्र घामेजलेला. आमच्या घरात दमट हवेत असं एकच गोष्ट करते, मिठाची गोण. मी पदराआड बोट जिभेला लावलं. समुद्र. ही गाडी कधीतरी खाऱ्या पाण्यात पार बुडालेली होती. वरून पुसली, रंगवली, पण मीठ आतून तिला खात बसलं होतं.

समोर हे खिशातून बयाण्याची पुरचुंडी काढत होते. बाजूला मामंजी उभे. सगळ्यांदेखत बोलले असते, तर लेकाला जे दिसलं नाही ते सुनेनं दाखवलं असा त्याचा अर्थ झाला असता आणि गॅरेज तिथंच बुडालं असतं. गप्प बसले असते, तर गाडी सहा महिन्यांत भुगा होणार आणि तरीही गॅरेज बुडणार. काही तरी असं बोलायला हवं होतं की ते फक्त ह्यांनाच कळेल.

आमच्या सासरी जेवताना "खारट" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ज्याच्यावर घर चालतं त्याला नावं ठेवायची नाहीत म्हणून. आमटीत मीठ जास्त पडलं, तर "आज हात सैल पडला" एवढंच म्हणायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

मी गाडीतून उतरले, पदर नीट केला आणि ह्यांच्याकडे न बघता हळूच म्हणाले, "सीटखाली कोणाचा तरी हात सैल पडलाय हो."

विकणारा घाईनं सीटखाली कुणाचं काय पडलंय ते शोधायला लागला. हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पुरचुंडी खिशात गेली, पेचकस बाहेर आला, आणि त्यांनी दाराच्या आतलं पुठ्ठ्याचं अस्तर उचकटलं. मागं पांढरी साय धरलेली, तारांची टोकं हिरवी, आणि लाकडी चौकट बोटानं दाबली की भाकरीसारखी तुटत होती. गंधवाल्यानं कपाळाला हात लावला आणि अखेर कबूल केलं. बंदरात माल वाहणारा पडाव कलंडला होता, त्यावर दोन गाड्या होत्या.

"बरसात में बाहर निकाला नहीं," हे म्हणाले, "समुंदर में निकाला था."

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तोच माझी मामंजींशी नजरानजर झाली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हात सैल पडला, हे बोलणं कुणाच्या घरचं? त्यांच्याच. मी परभाषेत कुजबुजल्यासारखी बोलले होते आणि ती भाषा ज्यांची, तेच समोर उभे होते. ह्यांचं गॅरेज मी आपल्या हातानं घालवलं, असं मला भाईंदर येईपर्यंत वाटत राहिलं आणि रडू येत होतं.

घरी आल्यावर मामंजींनी कोठाराची किल्ली आणून ह्यांच्यापुढे ठेवली. "फसला न्हायस," एवढंच म्हणाले. हे बापाच्या पाया पडले आणि त्याच पावली कोठार झाडायला गेले. ती बुडकी गाडीही पुढे ह्यांनी भंगाराच्या भावात आणली आणि तिच्या इंजिनाच्या सुट्या भागांवर आणखी दोन गाड्या उभ्या केल्या. पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आगरावर न्याहारी घेऊन गेले. मामंजी बांधावर एकटेच बसले होते. मी भाकरी पुढे ठेवली आणि हिंमत करून म्हणाले, "काल मी मध्ये बोलले. चुकलं माझं."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मी तुज्या आदी बसलू होतो त्या गारीत," ते म्हणाले. "माजा बी हात गेलता सीटखाली. मी बी बोट चाखलं होतं."

मला कळेचना. "मग तुम्ही बरी आहे का म्हणालात?"

"त्यानं ती घेतली असती, तं आज तो हितं बसला असता माज्या बाजूला." ते समोरच्या मिठाकडे बघत होते. रागावलेले नव्हते. मला वाटलं रागावले असते तर बरं झालं असतं.

मी विचारलं, "मग मला का बसू दिलंत?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत थोडंसं हसले. "दोन वर्सांत तू आमची झालीस, ह्ये माज्या ध्यानातच आलं न्हवतं."

मी तिथंच त्यांच्या बाजूला बसले, आणि त्यांची न्याहारी होईपर्यंत उठले नाही.