शांताआत्याला आणायला भिवापूरकडे

उमरेड-करांडल्याच्या जंगलावर लिहिलं, तेव्हा एका वाचकानं विचारलं, "त्या बाजूला तुम्ही पहिल्यांदा कधी गेलात?" पहिल्यांदा गेले ती वाघ बघायला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजात होते. आमचं घर नागपुरात इतवारीपलीकडच्या विणकरवस्तीत, घरातच हातमाग. एका सकाळी भिवापूरच्या मिरचीबाजारातला ओळखीचा माणूस दारात आला आणि बाबांना म्हणाला, "रामा, तुह्या बहिणीले गावानं कोंडून ठेवलं गा. करणी करते म्हणतेत." बाबांनी हातातला धोटा खाली ठेवला. सोबत बाईमाणूस हवं, आणि दादाच्या तान्ह्या मुलामुळे आईला निघता येईना. म्हणून मी गेले.

आता तुम्ही उमरेडमार्गे डांबरी रस्त्यानं दोनेक तासांत पोचाल. तेव्हा इतवारी स्टेशनवरून नागभीडकडे छोटी गाडी जायची. डोळ्यांत कोळशाचे कण जायचे आणि चढावर माणसं खाली उतरून गाडीसोबत चालायची. भिवापूरला अंगणाअंगणात लाल मिरची वाळत होती, श्वास घेतला तरी ठसका लागायचा. तिथल्या आलूबोंड्याची चव मला आजही आवडते, हे लिहिताना थोडं विचित्र वाटतं.

पुढे बैलगाडी केली. कोणाकडे जायचं ते सांगितल्यावर गाडीवानानं नाल्यापाशीच बैल थांबवले. "इथून पायी जा बाई. माह्या घरी लेकरं हायेत."

शांताआत्या बाबांची मोठी बहीण. विधवा, मूलबाळ नाही. गावातली तान्ही लेकरं तीच न्हाऊ-माखू घालायची. त्या हिवाळ्यात तापानं काही लेकरं दगावली आणि मांत्रिकानं सांगितलं, न्हाऊ घालणारा हातच लेकरं खातो आहे.

ती आम्हाला गोठ्यात सापडली. केस भादरलेले. पुढचे दात दगडानं पाडलेले. पाण्याचा गडवा लांबूनच ठेवून जाणाऱ्या एका म्हातारीनं मला कारण सांगितलं, "दात नसले का मंतर फुटत नाई वं." तिनं ते इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू लोणच्याला मीठ का घालतात ते सांगते आहे.

चावडीसमोर सगळं गाव जमलं होतं. पाटलांची सून तापानं फणफणलेलं मूल घेऊन बसली होती. पाटील म्हणाले, "हिनं आपल्या तोंडानं म्हणावं, म्या केलं, आता मागं घेतो. मंग न्या."

मी म्हटलं, "पाटील, आमच्यासोबत लेकराला नागपूरला आणा. धंतोलीत डॉक्टर आहेत."

सुनेनं झटकन मान वर केली. पण पाटलांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "आधी हिले करणी सोडू दे."

आत्या बाबांकडे वळली. तुटक्या दातांमधून शब्द निसटत होते. "काहून म्हणू गा रामा? म्या त्याले न्हाऊ घातलं. बस."

बाबांनी हात जोडले. "बाई, म्हणून दे. एकदाच. नाई तर हे तुले जित्ती ठेवत नाई."

ती बराच वेळ त्या मुलाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्या केलं. मागं घेतो." मांत्रिकानं तिला ते पुन्हा मोठ्यानं म्हणायला लावलं. गर्दी बाजूला झाली.

परतीच्या गाडीत मी डबा उघडला. आत्याला चावता येत नव्हतं. तिनं आपल्या हातानं भाकरीचा तुकडा मोडून बाबांपुढे धरला. "भूक नाई," बाबा म्हणाले. पुढच्या स्टेशनवर उतरून त्यांनी फुटाणे घेतले आणि दाराशी उभं राहून एकटेच खाल्ले. ते आत्यानं पाहिलं आणि तुकडा तसाच पदरात ठेवला.

धंतोलीतल्या डॉक्टरांनी जबडा तपासत विचारलं, "पडल्या का?" बाबा "हो" म्हणाले. मी तोंड उघडणार, तोच आत्यानं माझा हात दाबला.

काही दिवसांनी मिरचीबाजारातला तो माणूस पुन्हा आला. पाटलांचा नातू बरा झाला होता. "तिनं मागं घेतलं ना गा, उतरला ताप," तो खुशीत सांगत होता. संध्याकाळी आईनं दादाच्या मुलाचा पाळणा आतल्या खोलीत हलवला.

आत्या आमच्याकडे कित्येक वर्षं राहिली. मागाच्या कांड्या भरायची, कमी बोलायची. दादाच्या मुलांना तिनं कधी उचलून घेतलं नाही. मला वाटायचं, आई-बाबांच्या धाकानं.

लग्नानंतर माझी मुलगी झाली, तेव्हा मी तिला घेऊन माहेरी आले आणि सरळ आत्याच्या मांडीवर ठेवायला गेले. "हिला तूच न्हाऊ घाल," म्हटलं. आत्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले, तोंडावर पदर ओढला आणि भिंतीकडे सरकली.

"ने तिले वं. मले दाखवू नको."

"आत्या, तू काहीच केलं नव्हतंस!"

"मले बी तसंच वाटे," ती पदराआडून म्हणाली. "पण म्या म्हटलं, अन् ते लेकरू खरंच बरं झालं ना वं. असन माह्यात काही."